झीज आणि कूज

कर्ली नदी देवबागच्या टोकाशी समुद्राला मिळते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर एक मच्छीमार राहत होता. आयुष्यभर त्याने वल्ही मारली, शीड ओढलं. हातात चार पैसे आले तेव्हा त्याने दोन मुलांसाठी एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन आउटबोर्ड इंजिनं घेतली. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, ९.९ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी टू-स्ट्रोक इंजिनं. सोबत त्याने दोन निळी प्लास्टिकची पिंपं आणली आणि वरून कापून घेतली. प्रत्येक मुलाला एक इंजिन, एक पिंप. समुद्रावरून आलं की इंजिन उतरवायचं, विहिरीच्या गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात त्याचा पाय बुडवायचा आणि दहा मिनिटं चालू ठेवायचं, असा त्याचा दंडक होता. तोवर घरात जेवायला बसायचं नाही.

पुढे बाप गेला. इंजिनं बारा वर्षं चालली.

दोन्ही भावांची कामं मात्र वेगळी झाली होती, आणि पुढचा निकाल बराचसा त्यावरच आहे. थोरला पहाटे गिलनेट घेऊन किनाऱ्यापासून थोडा आत जाई. जाळं टाकलं की इंजिन बंद. जाऊन-येऊन दीडेक तास इंजिन चाले, ते झालं. धाकटाही आधी हेच करी. चार वर्षांपूर्वी पर्यटकांची गर्दी वाढली तसा तो माणसं बसवू लागला. सकाळी डॉल्फिन दाखवायचे, मग संगमाची वाळूची बेटं, संध्याकाळी सूर्यास्त. खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ, आणि त्या पाण्यात भरती-ओहोटीने उचललेली वाळू. सीझनमध्ये त्याचं इंजिन दिवसाचे सहा-सहा तास चाले.

दोन इंजिनं शेजारी ठेवली असती तर ती एकाच दिवशी घेतलीत हे कुणाला पटलं नसतं. थोरल्याच्या इंजिनाचं झाकण तडकलेलं, नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. रंग उडालेला. दोरी पुन्हा पुन्हा ओढावी तेव्हा ते सुरू होई, आणि सुरू झालं की निळसर धुराने होडी भरून जाई. धाकट्याचं इंजिन दर वर्षी दिवाळीआधी रंगवलेलं, वर नवी स्टिकरं. एका दोरीत सुरू. पर्यटक बसतात म्हणजे होडी नीटनेटकी दिसायला हवी, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

१ जूनला मासेमारीची बंदी लागली, होड्या ओढून माडाखाली आणल्या, झापांनी झाकल्या. ३१ जुलैपर्यंत समुद्र बंद, म्हणजे डागडुजीचा आणि हिशेबाचा काळ हाच. दोघे भाऊ आपापलं इंजिन टेम्पोत घालून मिस्त्रीकडे गेले. मनाशी दोघांचं आधीच ठरलेलं होतं.

थोरला म्हणाला, "काका, माका नवीन घेवचां आसा. ह्या जुन्याचे किती येतले तां तेवढां सांगा."

धाकटा म्हणाला, "माझां मात्र ह्यांच ठेवा. बापाशीचां आसा. किती खर्च येवंदे."

मिस्त्रीने चाळीस वर्षं इंजिनं उघडली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघूया." उघडून पाहिल्याशिवाय तो किंमत सांगत नसे. कुणी आग्रह केला तर दुसरा मिस्त्री बघ म्हणत असे. किनाऱ्यावर असे निर्णय बहुधा धुरावरून, आवाजावरून, नाहीतर शेजाऱ्याने काय घेतलं त्यावरून होतात. लाख-दोन लाखांचा व्यवहार, घरातल्या बाईचे दागिने गहाण पडण्याची शक्यता, आणि पाहणी मात्र बाहेरून. म्हणून मला हा मिस्त्री फार मोठा माणूस वाटतो.

आधी दोन्ही इंजिनं पिंपात चालवून गरम केली. आउटबोर्ड इंजिनाच्या पाठीमागून पाण्याची एक बारीक धार बाहेर पडत असते. खालच्या पायात रबराचा एक छोटा पंप असतो, इम्पेलर म्हणतात त्याला. तो समुद्राचं पाणी वर ओढतो, सिलिंडरभोवती फिरवतो आणि इंजिन थंड ठेवतो. धार जोरात आली की समजावं, पाणी फिरतंय. थोरल्याच्या इंजिनाची धार वीतभर लांब पडली. धाकट्याची धार ठिबकत होती.

"ही कदीपासून अशी?" मिस्त्रीने विचारलं.

"येता तर पाणी," धाकटा म्हणाला.

मग प्लग काढले. प्लगच्या जागी मिस्त्रीने कॉम्प्रेशनचं मीटर बसवलं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. आत दाबलेली हवा किती टिकते ते हे मीटर सांगतं. थोरल्याच्या इंजिनात वरचा सिलिंडर ८४ पौंड, खालचा ८२. नवीन असताना हेच आकडे १२० च्या आसपास असतात. थोरल्याचा चेहरा पडला, पण खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. नवीन घ्यायचं कारण मिळालं होतं.

धाकट्याच्या इंजिनात वरचा ११० आणि खालचा ५८.

इथे घाईचा माणूस म्हणेल, एक तरी सिलिंडर उत्तम आहे. पण दोन सिलिंडरांच्या इंजिनात आकडा किती आहे याहून दोन आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कुठेतरी एका जागी घात झालेला असतो. दोन्ही सारखेच उतरले असतील तर ते बहुधा नुसतं वय.

मिस्त्रीने प्रत्येक सिलिंडरात चमचाभर तेल सोडलं आणि पुन्हा दोरी ओढली. थोरल्याचे आकडे १०८ आणि १०६ वर गेले. तेलाने पिस्टनच्या रिंगांच्या कडेची फट क्षणभर बुजवली, म्हणजे हवा तिथूनच गळत होती. रिंगा झिजल्या होत्या. धाकट्याचा खालचा सिलिंडर ५८ वरून ६३ वर गेला आणि तिथेच थांबला. ती गळती चमचाभर तेलाने बुजणारी नव्हती.

"खोलूक होया," मिस्त्री म्हणाला.

थोरल्याचं इंजिन दुपारपर्यंत उघडलं गेलं. प्रत्येक बोल्टाला ग्रीस होतं, पान्ना लावला की बोल्ट फिरत होता. दर पावसाळ्याआधी थोरला बोल्ट काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवी, प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून दोरी हलकेच ओढून ठेवी, टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. समुद्रकाठच्या पावसाळ्यात दोन महिने ते कार्बोरेटरमध्ये राहिलं की आतल्या बारीक वाटा गंजून बुजतात. आत सिलिंडर गुळगुळीत होता, झिजून किंचित मोठा झालेला, पण कुठे ओरखडा नाही. मिस्त्रीने क्रँकला हात घालून हलवून पाहिलं, बेअरिंगात खेळ नव्हता. पाण्याच्या वाटा मोकळ्या. खालच्या गिअरचं तेल काढलं ते काळपट पण स्वच्छ. कार्बोरेटर मात्र जुना होऊन गेला होता, इग्निशनची कॉइल अशक्त होती. दोरी ओढून हात दुखायचे ते या दोन कारणांनी.

धाकट्याच्या इंजिनाला दोन दिवस लागले. पहिलाच बोल्ट ब्लॉकमध्ये तुटला. तिसराही तुटला. पोलादाचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, मधे खारं पाणी वर्षानुवर्षं राहिलं, दोन्ही धातू एकमेकांना चिकटून बसले. खालच्या गिअरचं तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं पांढरट, म्हणजे सील जाऊन पाणी आत शिरलेलं, आणि तळाशी धातूचा चुरा. इम्पेलरची पाती वाळूने खाऊन आखूड झालेली. हेड उघडलं तेव्हा खालच्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले, नख फिरवलं तर अडकत होतं. इंजिन पुन्हा पुन्हा तापलं होतं आणि पिस्टन भिंतीला घासत गेला होता.

पण मिस्त्री सर्वांत जास्त वेळ थांबला तो पाण्याच्या वाटेशी. सिलिंडरच्या भोवती जिथून थंड पाणी फिरायला हवं, तिथे मिठाचा थर बसून वाट निम्मी बंद झाली होती. स्क्रूड्रायव्हरने मीठ खरवडलं तेव्हा खालचं अ‍ॅल्युमिनियमही भुग्याने सुटून आलं. भिंत आतून खाल्ली गेली होती.

शेवटी त्याने इंजिनाच्या पायावरची जस्ताची वडी धाकट्याला दाखवली. समुद्राच्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यांतला दुबळा आधी खाल्ला जातो. म्हणून मुद्दाम एक जस्ताची वडी लावतात. पाणी तिला खातं आणि अ‍ॅल्युमिनियम वाचतं. ती झिजली की बदलायची. धाकट्याची वडी बारा वर्षांची होती आणि जवळजवळ अख्खी होती. तिच्यावर रंगाचे थर होते. दर दिवाळीआधी इंजिनाबरोबर तीही रंगवली गेली होती, आणि रंगाखालची वडी काही कामाची नसते. पाण्याने मग इंजिनच खाल्लं.

तिसऱ्या दिवशी थोरल्याची बायको मालवणच्या बाजारातून परत जाताना टोपली घेऊन तिथे आली, आणि मिस्त्रीने तिघांना बसवून निकाल दिला. थोरल्याचं इंजिन बांधायचं. धाकट्याने नवीन घ्यायचं.

धाकटा उसळला. "दादाच्या मशीनीचो धूर बघलास तुमी? आणि माझां एका दोरीत चालू होता!"

"एका दोरीत चालू होता, कारण कॉइल गेल्या वर्सा घातलंस आणि कार्बोरेटर त्याच्या आदल्या वर्सा," मिस्त्री म्हणाला. "ते चांगलेच आसत. मशीन भुतूरसून खाल्लेलां आसा."

धाकट्याने मग खर्चाचा पाढा वाचला. कॉइल, कार्बोरेटर, नवा पंखा, रंग. इतके पैसे घातले ते काय पाण्यात टाकायचे? हा प्रश्न ऐकायला रास्त वाटतो आणि त्यानेच माणूस बुडतो. गेलेले पैसे इंजिन दुरुस्त केलं तरी परत येत नाहीत आणि टाकलं तरी येत नाहीत. पाहायचे असतात ते पुढे जाणारे पैसे. मिस्त्रीने ते कागदावर मांडले. नवा ब्लॉक, क्रँक, पिस्टन, गिअर, सगळी सीलं, मजुरी: सव्वा लाखाच्या घरात. नवं फोर-स्ट्रोक इंजिन दोन लाखांच्या आसपास. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की हात आखडावा, असा मिस्त्री लोकांचा जुना आडाखा आहे. इथे तो निम्म्याच्याही पुढे गेला होता, आणि एवढं करूनही उरलेलं जुनं इंजिन खारटलेलंच राहणार होतं.

"आणि तू माणसां बसवतंस," मिस्त्री म्हणाला.

यावर धाकट्याकडे उत्तर नव्हतं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर पडत असतं, समोरून समुद्राची लाट येत असते आणि दोन्ही जिथे भिडतात तिथे लाट फुटते. तिथून बाहेर निघताना होडीचं नाक लाटेवर ठेवावं लागतं. इंजिन नेमकं तिथे बंद पडलं तर होडी आडवी होते. थोरल्याच्या होडीत त्याच्यासारखाच पोहणारा खलाशी असतो. धाकट्याच्या होडीत सोलापूरहून आलेलं कुटुंब असतं, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहणारं, मांडीवर मूल घेतलेलं. दोघांच्या इंजिनांना एकच कसोटी लावता येत नाही.

तरी धाकटा म्हणाला, "बापाशीचां आसा, काका."

मिस्त्रीने थोडा वेळ जाऊ दिला. मग विचारलं, "तुझां पिंप खंय आसा?"

"होडीत आसा. लोकांक पाय धुवूक."

"बापाशीन तुका मशीन दिल्यान, तसां पिंप पण दिल्यान हुतां. मशीन तू सांभाळलंस, पिंप सांभाळूक नाय."

कुणी काही बोललं नाही. मग मिस्त्रीने थोरल्याच्या ब्लॉकवर एक हात ठेवला, धाकट्याच्या ब्लॉकवर दुसरा, आणि सांगितलं: "हां झिजलां. तां कुजलां. झिजलेलां भरूक येता, कुजलेलां नाय."

ही गोष्ट ज्यासाठी सांगायची ती एवढ्या बोलण्यात आली आहे. झीज कामाने होते. रोज घासून, रोज ओझं ओढून जे पातळ होतं, त्याची जागा ठरलेली असते. रिंग झिजते, सील झिजतं, इम्पेलर झिजतो. बनवणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून ते भाग सुटे केलेले असतात आणि दुकानात मिळतात. सिलिंडरसुद्धा झिजणार हे गृहीत धरून पाव मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन बनवलेले असतात. झिजलेल्या वस्तूला नवं आयुष्य देता येतं, आणि तिची लाज वाटायचं काही कारण नाही. कूज दुर्लक्षाने होते. ती ठरल्या जागी होत नाही, जिथे पाहत नाही तिथे होते आणि जिच्यावर बाकी सगळं उभं आहे त्या भिंतीलाच खाते. तिथे नवीन सुटे भाग घालणं म्हणजे खचलेल्या भिंतीला आधार मानून वर चढणं. माणसाने जुनं टाकावं की ठेवावं, हे त्या वस्तूच्या वयावरून किंवा तिच्यावर जडलेल्या जिवावरून ठरवू नये. आधी उघडून पाहावं, झिजलं आहे की कुजलं आहे.

आणि कुजलं असेल तर ते कशाने कुजलं, हे शोधल्याशिवाय नवंही आणू नये. मिस्त्रीने धाकट्याला हे स्पष्टच सांगितलं. नवं इंजिन घेतलंस आणि रात्रभर असंच पाय पाण्यात ठेवून नांगरलंस, वाळूत फिरवून इम्पेलर पाहिला नाहीस, धार ठिबकत असताना चालवत राहिलास, तर दोन लाखांचं इंजिन चार वर्षांत इथेच उघडं पडेल. फरक एवढाच, की तेव्हा त्यावर कर्जही असेल.

थोरला अजून गप्प होता. त्याचं इंजिन वाचलं होतं आणि तो नाराज होता. धक्क्यावर सगळे नवी इंजिनं लावत होते, सोसायटी कर्ज देत होती, आणि फोर-स्ट्रोकला पेट्रोल कमी लागतं हे तो ऐकत होता. ते खोटं नव्हतं. कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर ढकलतानाच थोडं न जळलेलं इंधनही बाहेर निसटतं. पाण्यावर दिसणारा तेलकट तवंग तोच.

यावर त्याची बायको बोलली. ती मासे विकते, म्हणून तिला पैशाचा हिशेब नवऱ्यापेक्षा पक्का येतो. "भावजींचां वेगळां, आमचां वेगळां. रोज किती पेट्रोल जळता तां आधी लिवा."

लिहिलं. थोरल्याचं दिवसाला सहा लिटर, धाकट्याचं पंधरा. फोर-स्ट्रोकने एक तृतीयांश वाचेल असं धरलं. थोरल्याचे दोन लिटर, धाकट्याचे पाच. थोरला वर्षात दीडशे दिवस समुद्रावर जातो, धाकटा दोनशे दिवस. लिटरला शंभर रुपये धरले तर थोरल्याचे वर्षाला तीस हजार वाचतात, धाकट्याचे एक लाख. थोरल्याचं इंजिन बांधायला मिस्त्रीने अठ्ठेचाळीस हजार सांगितले होते. नवं घेतलं तर त्याहून दीड लाख जास्त, म्हणजे पेट्रोलच्या बचतीतून ते फिटायला पाच वर्षं, व्याज वेगळं. धाकट्याचं अख्खं नवं इंजिन दोन वर्षांत फिटतं.

हिशेब असा मांडला की भांडायला कुणाला जागा राहत नाही. धाकट्यासाठी नवं इंजिन ही चैन नव्हती आणि थोरल्यासाठी जुनं इंजिन ही कंजुषी नव्हती.

पुढचा विचार धाकट्यालाच सुचला. तो आपल्या उघड्या पडलेल्या इंजिनाकडे पाहत म्हणाला, की याची कॉइल चांगली आहे, कार्बोरेटर चांगला आहे, झाकण धड आहे, पंखा नवा आहे. दादाचं इंजिन याच मॉडेलचं. मिस्त्री हसला. ते त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं, पण ज्याची वस्तू त्याने म्हणायला हवं होतं. थोरल्याच्या अठ्ठेचाळीस हजारांतून अकरा हजार कमी झाले. त्यांतले निम्मे वहिनीने धाकट्याच्या हातावर ठेवले. तो नको म्हणत होता, तिने ऐकलं नाही.

ब्लॉक कुडाळला लेथवर गेला. सिलिंडर पाव मिलिमीटरने मोठे करून आणले, त्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घातल्या. पुढे कधी लागलं तर अर्धा मिलिमीटरचा एक टप्पा अजून शिल्लक आहे. नवी सीलं, नवी गॅसकेटं, नवा इम्पेलर, नवी जस्ताची वडी. रिंगा आणि सिलिंडर एकमेकांशी जुळेपर्यंत, पहिले दहा तास, मिस्त्रीने तेलाचं प्रमाण दुप्पट ठेवायला सांगितलं. एरवी लिटरला वीस मिलिलिटर, तेव्हा चाळीस. धूर येईल, घाबरायचं नाही, आणि एकाच वेगाने तासन्‌तास चालवायचं नाही, कमी-जास्त करत राहायचं.

धाकट्याने नवं इंजिन सोसायटीच्या कर्जावर घेतलं. ते जुन्यापेक्षा जड होतं, म्हणून आधी होडीची मागची फळी आतून जाड करून घेतली. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात तेल मिसळायचं नसतं, ते आत वेगळं असतं आणि पहिल्या वीस तासांनंतर बदलायचं असतं, कारण सुरुवातीच्या घासण्यातला बारीक चुरा त्यात उतरतो. रात्री नांगरताना इंजिन वर उचलून पाय पाण्याबाहेर ठेवायचा. वाळूच्या जागी फिरणाऱ्याने इम्पेलर दर वर्षी काढून पाहायचा, चांगला दिसला तरी. पर्यटकांना उतरवल्यावर शेवटची पंधरा मिनिटं ही इंजिनाची, त्यात फेरी घ्यायची नाही. हे शेवटचं धाकट्याला सर्वांत जड गेलं. सूर्यास्तानंतरही गिऱ्हाईक उभं असतं आणि एका फेरीचे पैसे समोर दिसत असतात. वाया गेलेलं इंजिन त्या वेळी दिसत नाही.

पिंप त्याने होडीतून काढून विहिरीपाशी आणलं. पाय धुवायला दुसरी बादली घेतली.

मिस्त्रीच्या सांगण्यावरून दोघांनी एकेक वही केली. थोरल्याच्या वहीत दर जूनला कॉम्प्रेशनचे दोन आकडे. धाकट्याच्या वहीत तास, तेल बदलल्याची तारीख, इम्पेलरची तारीख, वडीची तारीख. वडी झिजलेली दिसली की धाकट्याला आता आनंद होतो, आणि तो रंगाचा ब्रश तिच्या जवळपासही नेत नाही.

पुढच्या जूनमध्ये थोरल्याच्या इंजिनाचे आकडे आले ११८ आणि ११७. वहिनीने ते पाहिले आणि मिस्त्रीला विचारलं, दर वर्षी साधारण किती उतरतील? तो म्हणाला, असंच धुतलंत, पुसलंत तर तीन-चार. तिने बोटांवर मोजलं. आकडे पुन्हा ८४ वर यायला नऊ-दहा वर्षं. म्हणजे इंजिन केव्हा थकणार ते आज माहीत आहे, आणि जे आधीपासून माहीत आहे त्यासाठी कर्ज काढायचं कारण नाही. महिन्याला दोन हजार बाजूला टाकले तर तोवर नव्या इंजिनाचे पैसे व्याज न भरता जमतील, वर थोडे उरतीलही. बंदीच्या महिन्यांत दोन हजार कुठून आणायचे, असं थोरल्याने विचारलं. सुक्या मासळीतून, ती म्हणाली, आणि पहिला हप्ता त्याच आठवड्यात सोसायटीत भरून आली.